कुलूप उघडण्याचा छंद लावून घेण्यापूर्वी एक कुलूप कापून पाहा

रंधा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात 'धडपड्या' यांनी किल्लीविना कुलूप उघडण्याच्या छंदाविषयी येथे लिहिले. त्यांच्या लेखाचा मथितार्थ असा, की सात-आठशे रुपयांचा परदेशी हत्यारांचा संच आणि त्यासोबतचे पारदर्शक प्लास्टिकचे कुलूप मागवावे, दोन दिवस त्यावर हात बसवावा, मग घरातली, शेजारची आणि इमारतीच्या मीटरखोलीची कुलपे सरावाला घ्यावीत, म्हणजे आठवड्याभरात कोणतेही कुलूप आपल्याला अडवणार नाही. लेखाखाली 'संच कोठे मिळेल' अशी विचारणा करणाऱ्यांची रांग लागलेली पाहूनही मी दोन दिवस गप्प बसलो होतो. तिसऱ्या दिवशी ते जमले नाही. मी स्वतः अकरा वर्षे या छंदात आहे, आणि त्याची बदनामी बाहेरच्यांपेक्षा असल्या उत्साही मंडळींनीच अधिक केली आहे.

त्या पारदर्शक कुलपाने शिकतात ते डोळे, आणि हा छंद बोटांचा आहे. लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ साली ज्या पिन टंबलर रचनेचे पेटंट घेतले, तिच्यात प्रत्येक पिन दोन तुकड्यांची असते, वरून स्प्रिंग तिला खाली दाबते, आणि योग्य किल्ली घातली की सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत येऊन मधला दंडगोल फिरतो. मात्र ही सगळी भोके तंतोतंत सरळ रेषेत पाडणे कोणत्याही कारखान्याला जमत नाही. त्यामुळे टेन्शन रेंचने (दंडगोल फिरवू पाहणाऱ्या वाकड्या पट्टीने) दंडगोलावर हलका ताण दिला, की पाचांपैकी एकच पिन आधी अडकते. ती सांध्यापर्यंत उचलली, की बोटाला केसभर सैलपणा जाणवतो आणि पुढची पिन अडकते. सगळे कौशल्य त्या केसभर सैलपणात आहे, आणि नवशिक्याचा हात नेमका तेथेच जड पडतो. बाजारात चिकू पिकला आहे की नाही, हे चाचपताना आपण जेवढे दाबतो, तेवढाच भार रेंचवर हवा.

आता लेखातल्या खऱ्या अज्ञानाकडे येतो. आपल्याकडे कडी-कोयंड्यावर लटकणारे सहा-सात लिव्हरचे वजनदार कुलूप या घराण्यातले नव्हेच. त्याच्या पोटात पिना नसून पितळी पत्र्यांची (त्यांनाच लिव्हर म्हणतात) चवड असते, प्रत्येक पत्र्याला खाच असते, आणि सगळ्या खाचा एकमेकींसमोर आल्या तरच खुंटी आत शिरते. परदेशी चित्रफिती पाहून मागवलेला संच त्यात घालणे म्हणजे दाभणाने मोती ओवण्यासारखे आहे.

म्हणून माझे सांगणे असे, की संच नंतर घ्या. आधी जुन्या बाजारातून एक लिव्हरचे कुलूप घेऊन ते हॅक्सॉने कापा आणि आत काय आहे ते पाहा. मग हार्डवेअरच्या दुकानातून दारात बसवायचा एक साधा सुटा सिलिंडर (पिन टंबलर कुलपाचा गाभा) घ्या, त्यातल्या पिना काढून एकच ठेवा, ती जमली की दुसरी घाला. पाचव्या पिनेपर्यंत जायला मला चार महिने लागले होते. आणि दोन नियम कधीही मोडू नका. पहिला, जे कुलूप आपल्या मालकीचे नाही त्याला हात लावायचा नाही. दुसरा, जे कुलूप वापरात आहे त्यालाही लावायचा नाही, मग ते आपले का असेना. दुसरा नियम मी स्वतः एकदा मोडला आहे. आमच्याच लॅचमध्ये पिकचे (पिना उचलायच्या सळईचे) टोक तुटून बसले, किल्ली आत जाईना, आणि लग्नाहून आलेली घरची सात माणसे रात्री साडेअकरापर्यंत शेजाऱ्यांकडे बसून राहिली. अखेर लॅच ड्रिलने फोडावे लागले. तेव्हा शेजारच्या मावशींनी चहा दिला आणि 'छंद कसला हो?' असेही विचारले.

खतावणी

रंधासाहेब, आपण धडपड्यांना खोडून काढलेत, पण ते करताना त्यांच्याकडे नव्हते तेवढे नेमके ज्ञान आपणच वाटून टाकलेत. त्यांचा लेख वाचून कोणालाही काही जमले नसते. आपला वाचून जमेल.

मी चौतीस वर्षे बँकेत रोखपाल होतो. आमच्या स्ट्राँगरूमच्या दाराला दोन किल्ल्या लागत, एक माझ्याकडे आणि एक व्यवस्थापकांकडे, आणि एकाची किल्ली दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये, हा दंडक इतका अंगवळणी पडला होता, की निवृत्तीनंतरही किल्ली खिशात आहे ना, हे मी दिवसातून दहादा चाचपतो. कुलूप हे विश्वासावर चालते, आणि त्याच्या पोटातले गुपित चारचौघांत सांगण्याने त्या विश्वासाला तडा जातो. २००९ साली आम्ही चार दिवसांसाठी गावी गेलो असताना घरफोडी झाली. पत्नीच्या पाटल्या आणि आईची मोहनमाळ गेली. त्या दाराला सात लिव्हरचेच कुलूप होते. ज्याच्या घरात असे घडले आहे, त्याला या छंदातली गंमत दिसत नाही.

रंधा

खतावणीकाका, आपले नुकसान कोणत्याही युक्तिवादाने भरून येणारे नाही, हे मान्य आहे. पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. कुलूप उघडले होते, की कडी-कोयंडा तोडला होता?

उत्तररात्र

मी हॅम्बुर्गमध्ये राहतो. येथे १९९७ साली याच छंदाचा रीतसर क्लब स्थापन झाला आणि तेथे लोक घड्याळ लावून कुलूप उघडण्याच्या स्पर्धा खेळतात. मालकी आणि वापर यांविषयीचे आपले दोन्ही नियम तेथेही पाळले जातात. खतावणी यांचा मुद्दा मात्र दीडशे वर्षांहून जुना आहे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन माणसाने चब या इंग्रज कंपनीचे डिटेक्टर कुलूप (छेडछाड झाली की अडकून बसणारे) सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले, आणि जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराच्या ज्या कुलपावर दुकानाच्या खिडकीत दोनशे गिनींचे बक्षीस लावलेले होते, तेही सोळा दिवसांत मिळून सुमारे एक्कावन्न तास खपून उघडले. तेव्हाही लोकांनी 'हे जाहीर कशाला करायचे' असा ओरडा केला होता. त्यातून निष्पन्न काय झाले, तर कुलपे सुधारली.

खतावणी

ते हॉब्स कोणी साधुपुरुष नव्हते. ते एका प्रतिस्पर्धी अमेरिकन कुलूप कंपनीचा माल खपवायला लंडनला आले होते आणि पुढे त्यांनी तेथेच स्वतःचा कुलपांचा कारखाना काढला. दुसऱ्याचे कुलूप उघडून दाखवून आपले विकणे, याला समाजसेवा म्हणत नाहीत. आता कोणीतरी भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन आणि त्यांनी अणुबाँबच्या प्रकल्पावर असताना गंमत म्हणून उघडलेल्या लॉस अलामॉसच्या तिजोऱ्या काढेलच, म्हणून आधीच सांगतो, की ते मला ठाऊक आहे आणि त्याने माझी मोहनमाळ परत येत नाही.

रंधा यांच्या प्रश्नाचे उत्तर मी सवडीने देईन.

मुचलका

कायद्याचे कोणीच बोलत नाही, म्हणून बोलतो. कुलपाची हत्यारे घरी टेबलावर ठेवणे वेगळे आणि रात्री खिशात घेऊन हिंडणे वेगळे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, कायदेशीर सबब नसताना, घरफोडीचे साधन जवळ बाळगणे हा दंडनीय अपराध आहे. 'माझा छंद आहे' ही सबब रात्री दोन वाजता गस्तीवरच्या हवालदाराच्या गळी उतरवून पाहावी. जपानने तर २००३ साली अशा विशेष हत्यारांच्या विनाकारण बाळगण्यावर स्वतंत्र कायदाच केला. मीटरखोलीचे कुलूप 'सरावाला' घ्या, असा सल्ला देणाऱ्याने जामीनदारही सुचवायला हवे होते.

कानस

मी सहसा लिहीत नाही, पण 'छंद', 'क्लब', 'स्पर्धा' हे शब्द वाचून राहवले नाही. माझे वडील चाळीस वर्षे रस्त्याच्या कडेला पेटी मांडून चाव्या बनवत असत. त्यांच्याकडे चार कानशी, एक छोटा व्हाइस, कोऱ्या चाव्यांची तार आणि एक मेणबत्ती, एवढाच संसार होता. हरवलेल्या चावीचे लिव्हरचे कुलूप आले, की ते कोरी चावी मेणबत्तीच्या काजळीवर धरीत, काळी झाली की कुलपात घालून एकदा फिरवीत, आणि बाहेर काढून उजेडाकडे तिरपी धरून पाहत. पत्रा जेथे टेकला असेल, तेथे काजळी पुसली जाऊन धातू चमके. तेवढेच घासायचे, पुन्हा काजळी, पुन्हा फिरवणे. मी शेजारी बसून मोजत असे. कधी बाराव्या फेरीला उघडे, कधी तिसाव्या. ते कुलूप नुसते उघडून देत नसत, चावी बनवूनच देत, कारण गिऱ्हाइकाला संध्याकाळी ते पुन्हा लावायचे असे.

हीच विद्या पारदर्शक प्लास्टिकच्या कुलपावर शिकणारा माणूस कलावंत ठरतो आणि त्याचे कौतुक होते. पेठेत घरफोडी झाली, की पहिले बोलावणे मात्र माझ्या वडिलांना येई. तीनदा त्यांना रात्रभर बसवून ठेवले होते. तिन्ही वेळा चोर दुसराच निघाला आणि तिन्ही वेळा 'या आता' याखेरीज कोणी काही म्हणाले नाही.

मात्रावेलांटी

कानस यांचा अनुभव हृद्य आहे. तथापि 'चावी' हा हिंदी शब्द मराठीत का घुसवावा? आपल्याकडे 'किल्ली' हा घरंदाज शब्द असताना या धाग्यावर अशी भेसळ पाहून वाईट वाटले.

मुचलका

मात्रावेलांटीताई, 'चावी' हिंदीतून नव्हे, तर पोर्तुगिजांकडून आली आणि कोकणीतही तीच नांदते. आणि घरंदाजपणाच पाहायचा, तर धाग्याच्या शीर्षकातले 'कुलूप' हे अरबी 'कुफ्ल'चे आपल्याकडे अक्षरे उलटून झालेले रूप आहे. तेही काढून टाकायचे का?

रंधा

कानस, आपल्या वडिलांविषयी आदर राखून सांगतो, की छंदिष्ट माणूस कारागिराच्या पोटावर पाय देत नाही. उलट आमच्यासारख्यांना कारागिराची किंमत अधिक कळते. किल्लीवाल्याचा धंदा बसला तो चिप असलेल्या मोटारींच्या किल्ल्यांमुळे आणि किल्ली घासणाऱ्या यंत्रांमुळे.

कानस

किंमत कळते म्हणता, तर सांगा: अकरा वर्षांत आपण किती किल्लीवाल्यांच्या शेजारी जाऊन बसलात? परदेशी मंडळींच्या शेकड्याने चित्रफिती पाहिल्या असतील. आपल्या चौकातल्या माणसाला काजळी का धरतोस, हे एकदा तरी विचारले का? लिव्हरच्या कुलपाला परदेशी संच चालत नाही, हा शोध आपल्याला हॅक्सॉने लागला. चौकात विचारले असते, तर अर्ध्या चहात लागला असता.

रंधा

एकाच्याही नाही. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण उत्तर तेच आहे. मात्र त्याचा राग माझ्यावर काढताना आपण 'कलावंत' हा शब्द माझ्या तोंडी घातलात, तो मी कोठेही वापरलेला नाही.

खतावणी

कानस यांना माझा सरळ प्रश्न आहे. कोणीही उठून 'माझी किल्ली हरवली' म्हणत आला, तर आपले वडील त्याच्या दारापर्यंत जाऊन कुलूप उघडून देत होते ना? मग पोलिसांनी आधी त्यांना बोलावले, यात नवल काय? रोख रकमेत तूट आली, की आम्हालाही सर्वांत आधी बोलावत असत.

कानस

खतावणीसाहेब, माहिती नसताना हिशेब मांडू नये, हे आपल्याला मी सांगावे लागते आहे. वडील कोणाच्याही दाराला उठून हात लावत नव्हते. आधी शेजाऱ्याला बाहेर बोलावीत आणि त्याच्यासमोर विचारीत, की घर यांचेच का? मग शंभर पानी वहीत तारीख, पत्ता, कुलपाचा प्रकार, मालकाची सही आणि शेजाऱ्याची सही घेत. सही येत नसेल, तर अंगठा. शेजारी नसला, तर काम सोडून परत येत, आणि त्या दिवशी आमच्या घरी भाजी नसे. अशा सतरा वह्या माझ्या कपाटात आहेत. तीनदा पोलिसांनी बोलावले, तीनदा ते वही घेऊन गेले.

खतावणी

वहीचे मला ठाऊक नव्हते. दोन सह्यांशिवाय हात लावायचा नाही, हा आमच्या स्ट्राँगरूमचाच नियम झाला. मागच्या प्रतिसादातला माझा प्रश्न मी मागे घेतो. बाकीची मते कायम आहेत.

आता रंधा यांना उत्तर देतो, नाहीतर ते पुन्हा विचारतील. कुलूप कोणीही उघडले नव्हते. पंचनाम्यात 'कडी-कोयंडा तोडून' असेच लिहिले आहे. चोरांनी कोयंडा पहारीने उपटला होता आणि सात लिव्हरचे कुलूप त्याला तसेच बंद लटकत राहिले होते. आतले लोखंडी कपाट मात्र किल्लीनेच उघडले गेले, कारण किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवली होती आणि ती तेथे ठेवणारा मीच होतो. चौतीस वर्षे किल्ली सांभाळणाऱ्याने असे करावे, याचे आपल्या सर्वांना जे वाटायचे ते वाटो. तरीही मीटरखोलीचा सल्ला मी अक्षम्यच मानतो.

उत्तररात्र

म्हणजे कुलूप निर्दोष सुटले.

खतावणी

उपहास आवरावा. सुटले.

रंधा

काका, मीटरखोलीविषयी आपण आणि मी पहिल्यापासून एकाच बाजूला आहोत. आणि कोयंड्याच्या पट्टीला स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घालून आतून नट आवळून घ्या, तो पहारीला सहजी दाद देत नाही. कानस, पुढच्या रविवारी आपल्या वह्या पाहायला येऊ का? फोटो काढणार नाही; त्यात लोकांचे पत्ते आहेत.

कानस

या. हॅक्सॉ घरी ठेवून या.

धडपड्या

माझ्या लेखावर येथे एवढे रामायण झाले आणि मला कोणी कळवलेही नाही. शेजारची कुलपे आणि मीटरखोली ही दोन्ही वाक्ये मी आज काढून टाकली, कारण मुचलका यांचा प्रतिसाद आमच्या सोसायटीच्या सचिवांनी मला छापून आणून दिला. आठवड्याभराचा दावा अद्याप तसाच आहे. तोही काढावा लागेल असे दिसते. रंधा यांच्या सल्ल्याप्रमाणे सात लिव्हरचे एक जुने कुलूप घेऊन काल दुपारपासून कापतो आहे. दोन पाती मोडली, आणि कुलपावर नखाएवढी खाच पडली आहे.

खतावणी

ते कुलूप कोणत्या दुकानातून घेतले, तेवढे कळवावे.