मान सोलवटतेय म्हणून सेफ्टी रेझर सोडू नका
नवा सेफ्टी रेझर (एकच सुटं पातं बसवायचा जुन्या पद्धतीचा रेझर) आणला आणि पहिल्याच दाढीत मान सोलवटली असं तुमचं झालं असेल, तर प्लीज लगेच परत कार्ट्रिजकडे, म्हणजे पात्यांचं अख्खं डोकंच बदलायच्या रेझरकडे, जाऊ नका. माझंही अगदी असंच झालं होतं, कारण एकच, दाबून हात चालवायची सवय. कार्ट्रिजचं डोकं हलतं म्हणून तिथे दाब खपून जातो, इथे डोकं फिक्स असतं त्यामुळे पात्याचा त्वचेशी कोन आपल्यालाच धरावा लागतो, साधारण 30 अंश, आणि रेझरचं स्वतःचं वजन पुरतं, आपण फक्त दिशा द्यायची.

दुसरं म्हणजे फेस. दाढी आंघोळीनंतर करा, केस मऊ झालेले असतात. ब्रश दोन मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, मग क्रीमवर थोडं थोडं पाणी घालत घोळवत रहा, दह्यासारखा दाट, चकचकीत फेस यायला हवा. बोअरचं जड पाणी असेल तर नीट येतच नाही, तेव्हा वाटीभर आरओचं पाणी घ्या.

मानेवर बोटं फिरवून केस कुठल्या दिशेला वाढतात ते बघा, माझे तर एका बाजूला चक्क आडवे आहेत! पहिले 2-3 आठवडे त्याच दिशेने, उलटा हात नकोच. ब्लेड 4-5 दाढ्या झाल्या की बदला, आणि जुनी पाती कचऱ्यात सुटी टाकू नका हो, कचरा उचलणाऱ्यांचे हात कापतात, एखाद्या पत्र्याच्या डबीत साठवा. शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी, जिथे झोंबेल तिथे हात जड पडलाय असं समजायचं.