मदत हवी आहे : मुलाखत घेताना बघायचं कुठं?

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका लोकल केबल चॅनेलवर महिनाभर मुलाखती घेतेय. मागच्या आठवड्यात पूर्व भागातले एक जुने विणकर आले होते. जकार्ड मागावरच्या (नक्षी विणणाऱ्या मागावरच्या) चादरीबद्दल बोलताना काका इतके रंगले, की मी प्रश्नच विसरले. रेकॉर्डिंग पाहिलं आणि लाज वाटली. ते मागाच्या खटखटीबद्दल सांगताहेत आणि माझी नजर कागदावर, मॉनिटरवर, मधेच कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्यावर! घरी आई म्हणाली, "त्यांचं ऐकत होतीस की घड्याळ बघत होतीस?"

नियम माहीत आहे : सुरुवातीला आणि शेवटी प्रेक्षकांशी बोलताना लेन्सकडे, एरवी पाहुण्याकडे. पण पुढचा प्रश्न कागदावर बघायचा तो नेमका कधी? आणि सतत डोळ्यात डोळे घातले तर वयस्कर माणसं संकोचतात. काका गेल्यावर एडिटिंगमध्ये मधेमधे टाकायला मान डोलावतानाचे शॉट्स वेगळे घेतले, रिकाम्या खुर्चीकडे बघून. अगदी नंदीबैल दिसतेय. त्यावर काही युक्ती?

खरी धास्ती जानेवारीची. इथल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावरून लाइव्ह करायचंय. एकच कॅमेरा, हातात माइक, भोवती गर्दी. पाहुणा माझ्याकडे न बघता थेट कॅमेऱ्यात बघून बोलायला लागला तर त्याला न टोकता कसं वळवायचं? दोघांनी कसं उभं राहायचं, म्हणजे कुणाचीच नुसती कानशिलं दिसणार नाहीत?

अनुभवी निवेदकांनी सांगा प्लीज. "सरावानं जमेल" सोडून काहीही चालेल.