मदत हवी आहे: कॅनडाच्या 'फेडरल स्किल्ड वर्कर'साठी एक गुण कमी पडतो आहे

वारणाकाठ
नमस्कार. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीतील (कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याची पद्धत) फेडरल स्किल्ड वर्कर या कार्यक्रमासाठी मी पात्र ठरू शकते का, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर मला हवे आहे. 100 पैकी 67 गुण लागतात आणि माझे 66 होतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही कौशल्यांत सीएलबी 9 (कॅनडाच्या भाषामापनातली नववी पातळी) आहे, शिक्षण बी.ई. मेकॅनिकल आहे आणि अनुभव एक वर्षाहून अधिक आहे. हा एक गुण कुठून मिळवायचा याचाच विचार गेले तीन आठवडे चालला आहे. ज्यांना खात्रीने माहिती आहे त्यांनी कृपया लवकर उत्तर द्यावे, कारण येत्या पंधरा दिवसांत मला एक निर्णय घ्यायचा आहे.

आकडेमोड
तुम्ही वय लिहिलेले नाही, परंतु 66 हा आकडा येतो आहे त्या अर्थी ते 18 ते 35 यांच्या दरम्यान असणार, म्हणजे वयाचे 12. भाषेचे 24, पदवीचे 21 आणि एक वर्षाच्या अनुभवाचे 9. बेरीज बरोबर 66. एकच वर्ष नोकरी केलेले, एकच पदवी असलेले आणि उत्तम इंग्रजी असलेले कितीतरी तरुण नेमके याच आकड्यावर येऊन थांबतात, कारण या तक्त्यात सीएलबी 9 च्या वर कितीही चांगले इंग्रजी असले तरी गुण वाढत नाहीत. अनुभवाची दोन वर्षे पूर्ण झाली की 9 चे 11 होतात आणि तुम्ही 68 वर जाता.

म्हणून आधी हे सांगा: 'एक वर्षाहून अधिक' म्हणजे नेमके किती महिने? एकाच कंपनीत की दोन ठिकाणी? पगारी काम होते ना, आणि आठवड्याला 30 तास भरत होते ना? विवाह झाला आहे का? जोडीदार अर्जात असेल आणि त्याचे इंग्रजी सीएलबी 4 इतके असेल, तरी जुळवून घेण्याच्या क्षमतेचे 5 गुण मिळतात.

सह्यकडा
कॅनडाचाच आग्रह कशासाठी? ऑस्ट्रेलियात 25 ते 32 वयाला 30 गुण आहेत, पदवीला 15 आणि सर्वोच्च श्रेणीच्या इंग्रजीला 20. झाले 65, आणि किमान अट तेवढीच आहे. परदेशातील अनुभवाला तिथे तीन वर्षांपर्यंत गुणच नाहीत, त्यामुळे अनुभव कमी असल्याचे नुकसानही होत नाही. माझा धाकटा भाऊ त्याच मार्गाने गेला. मी तर सांगेन की हा धागा बाजूला ठेवून अभियंत्यांच्या कौशल्यपडताळणीच्या तयारीला लागा.

दूरदेशी
सह्यकडा, प्रश्न कॅनडाचा आहे. शिवाय तुमचा हिशेब धागाकर्तीला लागूही पडत नाही. सीएलबी 9 साठी आयईएलटीएसमध्ये श्रवणात 8 आणि उरलेल्या तिन्ही कौशल्यांत 7 पुरतात. ऑस्ट्रेलियाचे 20 गुण त्याहून बऱ्याच वरच्या पातळीला मिळतात. त्यांच्या हाती तेथे 55 च येण्याची शक्यता अधिक. आणि 65 ही अर्जाच्या दाराशी उभे राहण्याची अट आहे, निमंत्रणाची हमी नव्हे.

वारणाकाठ
आकडेमोड, आभार. वय 28, अविवाहित. अनुभव असा: चाकणच्या कंपनीत ग्रॅज्युएट इंजिनियर ट्रेनी म्हणून 9 महिने, त्यानंतर रांजणगावला डिझाइन विभागात आजपर्यंत 7 महिने. पदवीच्या शेवटच्या वर्षी सहा महिने इंटर्नशिपही केली होती, तिचे पैसे मिळाले नव्हते. हे सगळे धरून 22 महिने होतात. पदवीनंतरची चार वर्षे राज्यसेवेच्या तयारीत गेली, म्हणून या वयात एवढाच अनुभव आहे. ते मुद्दाम लिहिले नव्हते, कारण त्याचा गुणांशी संबंध नाही.

निवृत्त_गुरुजी
राज्यसेवेची चार वर्षे वाया गेली असे मनात आणू नका. आमच्या घरातही हे झाले आहे आणि त्या अभ्यासाने आलेली शिस्त पुढे नोकरीत उपयोगी पडली. मात्र त्या काळाचा अर्जाशी संबंध नाही, हे म्हणणे बरोबर नाही. अंतिम अर्जात मागील दहा वर्षांचा इतिहास एकही महिना रिकामा न सोडता द्यावा लागतो. 'स्पर्धा परीक्षेची तयारी' असे सरळ लिहावे, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

दूरदेशी
बिनपगारी इंटर्नशिप हिशेबात धरता येत नाही, तेव्हा 22 चे 16 महिने उरतात. आता मुख्य प्रश्न विचारतो. चाकणची नोकरी सुटल्यावर रांजणगावला किती दिवसांनी रुजू झालात?

वारणाकाठ
तीन आठवड्यांनी. मधे आजोबांचे आजारपण होते.

दूरदेशी
मग तुमची अडचण 66 किंवा 67 ची नाहीच, त्याच्याही आधीची आहे. या कार्यक्रमाची पहिली अट अशी आहे की, मागील दहा वर्षांत एकाच व्यवसायसंकेतांकाखाली (म्हणजे कामाच्या प्रकाराला कॅनडाने दिलेल्या क्रमांकाखाली) किमान एक वर्ष सलग, पूर्णवेळ, पगारी काम झालेले असले पाहिजे. म्हणजे आठवड्याला 30 तास या हिशेबाने 1,560 तास, आणि तेही मधे खंड न पडता. अर्धवेळ काम असेल तर आठवड्याला 15 तासांप्रमाणे 24 महिने. एखाद्या आठवड्यात 30 हून अधिक तास काम केले, तरी जादा तास धरले जात नाहीत. तुमचे 9 महिने एकीकडे आणि 7 महिने दुसरीकडे आहेत, सलग बारा महिने कुठेच नाहीत. आजच्या तारखेला तुम्ही गुणतक्त्यापर्यंतही पोहोचत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटते आहे, पण अर्जाचे शुल्क भरल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेले बरे.

मिसिसागाकर
दूरदेशी यांनी उगाच घाबरवू नये. मी स्वतः तीन ठिकाणचे तुकडे जोडून वर्ष भरवले होते, मधे दोन महिने रिकामाही होतो, आणि फेब्रुवारी 2021 च्या त्या मोठ्या फेरीत मला निमंत्रण आले. 16 महिने म्हणजे वर्षाहून अधिक झाले. प्रोफाइल भरून मोकळे व्हा.

दूरदेशी
ती 13 फेब्रुवारी 2021 ची फेरी, ज्यात 75 गुणांवर (हे 67 च्या तक्त्यातले नव्हेत, निमंत्रणासाठीच्या 1,200 गुणांच्या क्रमवारीतले) 27,332 निमंत्रणे गेली, ती कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासची होती. त्या वर्गात कॅनडातला मागील तीन वर्षांतला अनुभव तुकड्यातुकड्यांनी जोडता येतो. भारतातील अनुभवावर फेडरल स्किल्ड वर्करमधून येणाऱ्याला ती सवलत नाही. दोन्हींची दारे एक्स्प्रेस एन्ट्रीतच उघडतात, म्हणून हा घोटाळा वारंवार होतो.

मिसिसागाकर
मान्य. माझा वर्ग तोच होता, आणि हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. धागाकर्तीने माझा वरचा सल्ला धरू नये.

वारणाकाठ
हे वाचून हातपाय गार पडले. आता दोन गोष्टी सांगते, ज्या आधी महत्त्वाच्या वाटल्या नव्हत्या. पहिली, तोच निर्णय पंधरा दिवसांत घ्यायचा आहे: मला तळेगावच्या एका कंपनीत अधिक पगाराची नोकरी मिळते आहे, आणि इथून सुटल्यावर महिनाभर गावी राहून मग रुजू व्हावे असा विचार होता. दुसरी, पुण्याच्या ज्या कन्सल्टन्सीत मी गेले होते त्यांनी 'चाकणच्या पत्रात तारखा थोड्या पुढे घेऊ, म्हणजे खंड दिसणार नाही' असे सांगितले. त्यांचे म्हणणे असे की सगळेच तसे करतात.

आकडेमोड
दुसऱ्या गोष्टीबद्दल आधी लिहितो. तारीख बदललेले पत्र जोडणे म्हणजे खोटी माहिती देणे, आणि ते सिद्ध झाले तर कॅनडाचे दार पाच वर्षांसाठी बंद होते. 2014 च्या नोव्हेंबरपूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती, आता पाच आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात प्रत्येक महिन्याची नोंद असते. पत्रातली तारीख त्याच्याशी जुळली नाही तर अधिकाऱ्याला वेगळे काही शोधावे लागत नाही. आणि सही तुमची असते, कन्सल्टन्सीची नसते. कृपया त्या माणसांकडे पुन्हा जाऊ नका.

आता पहिली. नोकरी बदलायला हरकत नाही, कारण सलग वर्ष एकाच मालकाकडे व्हावे अशी अट नाही. मधे खंड नको आणि व्यवसायसंकेतांक तोच हवा, एवढेच. शुक्रवारी एक कंपनी सोडून सोमवारी दुसरीत रुजू झालात तर सातवा महिना पुढे आठवा होतो. महिनाभर गावी राहिलात तर पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होते. रांजणगावला राहिलात किंवा खंड न पाडता तळेगावला गेलात, तर पाच महिन्यांनी सलग वर्ष पूर्ण होते. ते एकदा झाले की गुण मोजताना चाकणचे 9 महिनेही धरता येतात. तेव्हा एकूण 21 होतील आणि आणखी तीन महिन्यांनी 24. म्हणजे आजपासून आठ महिन्यांनी 68, कोणाच्याही पत्रात काही न बदलता.

सह्यकडा
पण चाकणला त्या ट्रेनी होत्या. ट्रेनीचा अनुभव धरतात का?

दूरदेशी
पदनाम पाहत नाहीत, काम पाहतात. मेकॅनिकल इंजिनियरचा संकेतांक 21301, तंत्रज्ञाचा 22301. कंपनीच्या पत्रावर पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष कामांचे वर्णन हवे. संकेतांकाखाली दिलेल्या मुख्य कामांपैकी बरीचशी त्यात खरोखर बसली पाहिजेत. वारणाकाठ, रांजणगाव सोडण्यापूर्वी हे पत्र हातात घ्या. बाहेर पडल्यावर मनुष्यबळ विभाग केवळ नेहमीचे दोन ओळींचे प्रमाणपत्र देतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे आणि मला त्यात चार महिने घालवावे लागले.

शनिवारवर्ग
इतक्या चर्चेत फ्रेंचचे नाव कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. फ्रेंचच्या चारही कौशल्यांत पातळी 5 आली की दुसऱ्या भाषेचे 4 गुण मिळतात आणि 66 चे 70 होतात. पण खरा लाभ पुढे आहे. 67 ही केवळ पात्रता झाली. निमंत्रण 1,200 गुणांच्या दुसऱ्या क्रमवारीवर येते. अविवाहित, 28 वर्षे, एक पदवी, सीएलबी 9, परदेशातील एक वर्ष: तिथे वयाचे 110, पदवीचे 120, इंग्रजीचे 124 आणि पूरक गुण 25 अधिक 25, म्हणजे 404 होतात. 2025 मध्ये कॅनेडियन अनुभवाच्या फेऱ्या 500 च्या वरच राहिल्या आणि बाकीच्या फेऱ्या मुख्यतः प्रांत, आरोग्यसेवा व फ्रेंच यांच्या झाल्या. फ्रेंचची पातळी 7 गाठली तर 12 आणि 50 मिळून 404 चे 466 होतात. 21 मार्च 2025 च्या फ्रेंच फेरीत 7,500 निमंत्रणे 379 वर गेली. नंतर आकडा वर चढला, तरी इतर फेऱ्यांच्या मानाने तो मार्ग मोकळा आहे. मी पुण्यात अलियान्स फ्रान्सेजमध्ये नोकरी सांभाळून शिकले. शून्यापासून पातळी 7 ला जायला दीड-दोन वर्षे नेटाने अभ्यास लागतो, हे मात्र आधीच सांगते.

आकडेमोड
शनिवारवर्ग यांचे म्हणणे मला पटते. 67 च्या मागे लागून 404 विसरू नये. क्रमवारीत परदेशी अनुभवाची पुढची पायरी थेट तीन वर्षांची आहे, तेव्हा 25 चे 50 होतात. आणि वयाचे 110 तिसावे लागताच 105 होतात.

वारणाकाठ, तुम्ही डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेला होतात का? दोन पदव्या-पदविका मान्य झाल्या तर 21 चे 22 होतात. पण ते शैक्षणिक मूल्यांकनाच्या अहवालात काय लिहून येते यावर अवलंबून आहे, तेव्हा गृहीत धरू नका.

वारणाकाठ
हो, डिप्लोमा सांगलीत केला. मूल्यांकनाचा अहवाल अजून यायचा आहे.

निवृत्त_गुरुजी
एक विचारायचे राहिले. कॅनडात तुमचे कोणी नातेवाईक आहेत का?

वारणाकाठ
कॅलगरीला मावसभाऊ आहे. कन्सल्टन्सीच्या अर्जात मी 'कझिन' लिहिले होते, त्यावर त्यांनी 'कझिनचे गुण नाहीत' असे सांगून तो विषय तिथेच संपवला.

निवृत्त_गुरुजी
मावसभावाचे गुण नाहीत हे खरेच. पण मावसभाऊ आहे तर त्याची आई कुठे आहे?

वारणाकाठ
मावशी त्याच्याकडेच असते. 2009 पासून तिकडेच आहे, आता नागरिक आहे.

दूरदेशी
ताई, मावशीचे गुण आहेत! आईवडील, भावंडे, आजीआजोबा यांच्याप्रमाणेच मावशी, आत्या, मामा, काका हेही त्या यादीत येतात. ती व्यक्ती 18 वर्षांची किंवा त्याहून मोठी, कॅनडात राहणारी आणि तिथली नागरिक किंवा कायम रहिवासी असली म्हणजे झाले. जुळवून घेण्याच्या क्षमतेचे 5 गुण. सलग वर्ष पूर्ण झाले की त्याच दिवशी 66 अधिक 5, म्हणजे 71. आठ महिने थांबायचेही कारण नाही, पाच पुरतात. 1,200 च्या क्रमवारीत मात्र केवळ सख्ख्या भावंडांचे गुण आहेत, मावशीचा तिथे उपयोग नाही. तेव्हा फ्रेंचचा सल्ला कायम राहतो.

निवृत्त_गुरुजी
नाते सिद्ध करण्याची तयारी आत्तापासून करा. तुमच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव, आणि आई व मावशी या दोघींच्या कागदांवर आजोबांचे एकच नाव दिसले पाहिजे. त्या पिढीतल्या बायकांचे जन्मदाखले बहुधा नसतात आणि लग्नानंतर नाव बदललेले असते. माझ्या भाचीच्या वेळी दोघी बहिणींचे शाळा सोडल्याचे दाखले, विवाहाचे दाखले आणि प्रतिज्ञापत्र जोडले होते. निमंत्रण आल्यावर अर्जाला 60 दिवसच मिळतात आणि जुन्या शाळेतून दाखला काढायला त्यातले किती जातील सांगता येत नाही.

वारणाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. आज तळेगावच्या कंपनीशी बोलले. इथून शेवटच्या शुक्रवारी सुटून लगेच सोमवारी रुजू होण्यास त्यांनी होकार दिला आहे, आणि काम डिझाइनचेच आहे हे त्यांच्याकडून लेखी मागितले आहे. गावी एक महिना राहायचे होते, ते दोन दिवसांवर आले. त्या दोन दिवसांत आईच्या शाळेत जाऊन तिचा आणि मावशीचा दाखला मागणार आहे. दोघी एकाच शाळेत होत्या. शनिवारवर्ग, अलियान्समध्ये नोकरदारांसाठी केवळ शनिवार-रविवारचे वर्ग असतात का, आणि पुढची तुकडी कधी सुरू होते, तेवढे सांगाल का?