मदत हवी आहे: प्रवासात एकदाच वापरून टाकायच्या दूधबाटल्या

बाळ चार महिन्यांचं, डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचं दूध चालू आहे. पुढच्या आठवड्यात खानापूरहून बसने सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जायचंय, दिवसभर बाहेर. थर्मासमध्ये उकळलेलं पाणी, डबीत मोजलेली पावडर नेणार; दूध आयत्या वेळीच करते, उरलेलं टाकते. अडचण बाटलीचीच. घरून उकळून नेलेल्या दोन बाटल्या दुपारपर्यंत संपतात आणि स्टँडच्या नळावर धुवायला मन धजत नाही. बोंडल्याने पाजून पाहिलं, निम्मं दूध मानेच्या वळ्यांत जातं. ऑनलाइन मागवायला आता वेळ नाही, बेळगावच्या गणपत गल्लीतल्या दुकानांत विचारून झालं.

बेळगाव किंवा निपाणीत निर्जंतुक, सीलबंद बाटल्या कुठे मिळतील? आणि कुणी वापरल्या असतील तर सांगा, त्यात ७० अंशांचं गरम पाणी थेट ओतलेलं चालतं का, नेहमीचं निपल बसतं का?