शास्त्र-वाणिज्य शाखेला तत्त्वज्ञान : वाचनसाहित्य आणि मूल्यमापनाबाबत मदत हवी आहे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार सुरू झालेला तत्त्वज्ञानाचा दोन श्रेयांकांचा, म्हणजे ३० तासांचा, खुला ऐच्छिक विषय मी पदवीच्या शास्त्र व वाणिज्य शाखांना शिकवतो. वर्गात ६० विद्यार्थी असून बहुतेकांचे शालेय शिक्षण मराठीत झाले आहे आणि तत्त्वज्ञानाशी त्यांचा पूर्वी संबंध आलेला नाही.

गेल्या सत्रात थेलीसपासून कान्टपर्यंत कालक्रमाने गेलो आणि फसलो. उत्तरपत्रिकांत माझीच टिपणे परत आली. उलट, न्यायदर्शनातील (तर्क आणि ज्ञानाची साधने यांचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातील) ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे’ हे अनुमान फळ्यावर लिहिले, तेव्हा रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने ‘ड्राय आइसचाही धूर दिसतोच की’ असा आक्षेप घेतला आणि व्याप्ती (‘जेथे धूर, तेथे अग्नी’ असा अपवाद नसलेला संबंध) म्हणजे नेमके काय, यावर उरलेला तास वर्गच बोलत राहिला. (वाफेला धूर समजण्याची चूक नैयायिकांनाही ठाऊक होती, हे मी मुद्दाम शेवटी सांगितले.) म्हणून यंदा व्यक्तींऐवजी प्रश्न धरून शिकवायचे आहे.

दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश (१९७४) मला उपयोगी पडतो, परंतु त्याची परिभाषा या विद्यार्थ्यांना जड जाते. इंग्रजी उतारेही देऊन पाहिले, ते चालले नाहीत. तास वाढवणे माझ्या हाती नाही.

ज्ञान, पुरावा आणि नैतिक जबाबदारी यांवर आठ-दहा पानांत संपणारे, तरीही मूळ युक्तिवाद शाबूत ठेवणारे मराठी लेखन आपल्यापैकी कोणी वर्गात प्रत्यक्ष वापरले आहे काय, आणि पाठांतराला वाव न देता एवढ्या विद्यार्थ्यांचे मूल्यमापन कसे केले?