मदत हवी आहे : तीन महिने घर बंद राहणार, झाडं-मासे-पेटीचं काय करावं?

सीवूड्सकर
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं लेकीकडे चाललोय, साधारण तीन महिन्यांसाठी. घर पूर्ण बंद. झाडांना पाणी घालायची सोय करायची आहे, ठिबकचा टायमर कुठला घ्यावा? फिश टँकमध्ये हळूहळू विरघळणारी खाण्याची वडी टाकून जाता येतं म्हणतात, ते खरं का? आणि घरात वाजवायची पेटी (हार्मोनियम) आहे, तिची काय व्यवस्था करावी? दुकानात विचारलं की जो तो आपला माल पुढे करतो. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा आणि जरा लवकर सांगा, हातात दिवस कमी आहेत.

ठिबकवाला ऐरोली
योग्य विचार करताय. माझ्या बाल्कनीत कित्येक वर्षं ठिबक आहे, त्यामुळे बिनधास्त सांगतो. नळाला बसणारा बॅटरीवरचा टायमर घ्या, विजेवर चालणारा नको. लाइट गेली की त्याचं वेळापत्रक बिघडतं. टायमरच्या पुढे छोटा जाळीचा फिल्टर लावाच, नाहीतर बारीक गाळ अडकून ड्रिपर तुंबतात. मोठ्या कुंडीला ताशी २ लिटरचा ड्रिपर आणि सकाळी दहा मिनिटं पुरेत. सगळं जोडून निघण्याआधी आठवडाभर चालवून बघा. नळी कुठे निसटते, कुठल्या कुंडीत पाणीच पोचत नाही, हे तेव्हाच कळतं.

गच्चीवाली नेरूळ
थांबा. झाडं कुठली? उघड्या गच्चीत की ग्रिलमध्ये? कितवा मजला? आणि मुख्य म्हणजे जाताय कधी? हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

रीफ-नको-गोडंपाणी
टाकी केवढी, मासे कुठले, फिल्टर कुठला, तेही लिहा. वडीचं म्हणाल तर तीन महिन्यांसाठी अजिबात नाही. ती वडी सुटीत चार दिवस जाणाऱ्यांसाठी असते. न खाल्लेला भाग पाण्यात कुजतो, अमोनिया वाढतो आणि मासे उपाशी राहून नाही, घाणीने मरतात.

सीवूड्सकर
वरचा मजला आहे, गच्ची आमचीच. १४ जूनच्या रात्री निघायचा विचार आहे, १४ सप्टेंबरच्या सुमारास परत. जर्मनी. झाडं म्हणजे अडेनियम (वाळवंटी गुलाब म्हणतात तो; बरीच जुनी, खोड चांगलं फुगलेलं), ऑर्किड, तुळस, मोगरा, जाई, कढीपत्ता. टाकी दोन फुटी, गप्पी आणि दोन एंजल. आता सांगा, टायमर कुठला?

गच्चीवाली नेरूळ
अहो काका, जून ते सप्टेंबर! आपल्याकडे त्या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तुम्ही उघड्या गच्चीसाठी टायमर शोधताय. तुमच्या झाडांना पाणी कमी पडणार नाहीये, जास्त होणार आहे. अडेनियम तर पहिल्या पंधरा दिवसांच्या झडीतच खालून सडायला लागेल. बाहेरून खोड टणटणीत दिसतं आणि बोटाने दाबलं की आत मऊ, लिबलिबीत लागतं. तोवर उशीर झालेला असतो.

आत्ताच, मे महिन्यात, हे करा. अडेनियमचं पाणी हळूहळू कमी करा आणि कुंड्या छपराखाली घ्या, जिथे तिरका पाऊसही येणार नाही. छप्पर अपुरं असेल तर कुंड्या आडव्या करून ठेवा. माती सांडू नये म्हणून वर फडकं बांधा. आडवी कुंडी बघवत नाही, पण झाड वाचतं. जाण्याआधी कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबचं बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम घालून खोडावर फवारा. पानं गळाली तर घाबरू नका, ती परत येतात.

मोगरा, जाई, कढीपत्ता उघड्यावरच राहू द्या. कुंडीचं खालचं भोक मोकळं आहे का ते मात्र काडी घालून बघा.

ठिबकवाला ऐरोली
पण ऑर्किड ग्रिलमध्ये छज्जाखाली असतील तर त्यांना पाऊस लागणार नाही, मग? मधेच आठ-दहा दिवस उघडीप पडते तेव्हा? ठिबक लागेलच.

गच्चीवाली नेरूळ
ऑर्किडला ठिबक? मुळांना हवा लागते त्यांच्या. सतत थेंब पडत राहिले तर शेंड्यातूनच कुजतील. फवारणीची गोष्ट वेगळी.

ठिबकवाला ऐरोली
मी फॉगर म्हणणारच होतो. त्याच टायमरवर चालतो.

ताई वाशी
तुम्ही दोघं भांडत बसू नका. ऑर्किड कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवा. टोपलीतली झाडं आहेत, उचलायला काय लागतं? आणि कुंड्यांखालच्या सगळ्या ताटल्या काढून आत पालथ्या ठेवा, हे कुणीच सांगितलं नाही. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घराघरांत साठलेलं पाणी बघत फिरतात, पण तुमच्या घराला कुलूप असलं की ती परत जाणार आणि त्रास खालच्या मजल्यावरच्यांना. रिकाम्या कुंड्या, बादल्या, झारीसुद्धा पालथी.

गच्चीचं पाणी जाण्याचं तोंडही बघा. जाईची पानं गळून त्या जाळीवर चिकटली की गच्चीचं तळं होतं आणि पाणी उंबऱ्यावरून हॉलमध्ये येतं. आमच्या शेजाऱ्यांकडे असंच होऊन सगळं फर्निचर फुगलं. सपाट जाळी असेल तर काढून घुमटासारखी उंच जाळी बसवून घ्या. तिच्यावर पानं साचली तरी बाजूने पाणी जात राहतं.

रीफ-नको-गोडंपाणी
माशांचं: देऊन टाका, म्हणजे सांभाळायला कुणाकडे तरी द्या. धडधाकट मोठे मासे आठवडाभर न खाता राहतात, तीन महिने नाही. आपोआप खाणं टाकणारं यंत्र पावसाळ्यातल्या दमट हवेत चालत नाही, दाणे ओले होऊन तोंडाशीच गोळा बसतो. शिवाय लाइट गेली आणि फिल्टर कित्येक तास बंद राहिला की त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. बंद घरात ते परत सुरू झालंय की नाही बघणार कोण?

जुना_बेलापूर
गप्पीच आहेत ना? सोडून द्या जवळच्या तळ्यात. महापालिका स्वतःच डासांसाठी गप्पी सोडते. मासेही जगतील, डासही कमी होतील.

रीफ-नको-गोडंपाणी
कृपा करून असं काही करू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा. आपल्या तळ्यांत तो भराभर वाढतो आणि इथल्या लहान माशांची अंडी-पिल्लं खातो. महापालिका सोडते ती डासांची पैदास होणाऱ्या पाण्यात. आपण उठून वाहत्या ओढ्यात आणि तळ्यात घरचे मासे सोडायचे, हे त्यातलं नाही. एंजल तर तिथे जगणारही नाहीत.

जुना_बेलापूर
आमच्या लहानपणी विहिरीत मासे सोडायचेच सगळे.

रीफ-नको-गोडंपाणी
विहीर बंदिस्त असते हो काका. तळं पावसात ओढ्याला मिळतं. सीवूड्सकर, मी सानपाड्यात आहे, माझ्याकडे रिकामी टाकी आहे. तुमचे मासे सप्टेंबरपर्यंत आनंदाने सांभाळतो. पण मला लवकर कळवा, त्यांच्यासाठी फिल्टर आधीपासून चालू ठेवावा लागेल.

प्रवासी ठाणे
विषय वेगळा आहे पण महत्त्वाचा. जर्मनी म्हणजे शेंगेन, युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. तिथे "तीन महिने" असा हिशोब नसतो, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस असा असतो आणि पोचल्याचा व निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. तुम्ही १५ जूनला उतरलात तर जूनचे १६, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, म्हणजे ७८. नव्वदावा दिवस १२ सप्टेंबर. १४ ला निघालात तर दोन दिवस जास्त होतात आणि पुढच्या व्हिसाला ते नडतं. तिकीट काढलंय का?

सीवूड्सकर
तिकीट या आठवड्यात काढायचं आहे. फार मोलाचं सांगितलंत, आता १० सप्टेंबरचंच बघतो. यंदा अधिक महिना आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत. त्याआधी घरी यायचंच आहे, आमच्याकडे दीड दिवसाचा असतो.

पेटीबद्दल कुणीच बोललं नाही. पालिताण्याच्या सुरांची जुनी पेटी आहे, मी रोज संध्याकाळी तिच्यावर बसतो. झाडं परत लावता येतील, ही पेटी परत मिळणार नाही. एका ओळखीच्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवा म्हटलंय.

संवादिनी
प्लॅस्टिक नको!! मी पेट्या दुरुस्त करणाऱ्यांकडे बरीच वर्षं शिकते आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्या पेट्या येतात त्यांतल्या कितीतरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या असतात. आतला दमटपणा आतच कोंडतो. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, एखादा सूर दाबला नसताना वाजत राहतो. पितळी सुरांवर हिरवट थर चढला की ते उतरतात. पट्ट्यांखालचं चामडं आणि फेल्ट झुरळं कुरतडतात. भात्याच्या घड्यांवर पांढरी बुरशी येते, ती पुसली तरी वास जात नाही.

पेटी सुती कापडात, तिच्याच लाकडी खोक्यात, पलंगावर किंवा टेबलावर ठेवा. जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला चिकटून नको. माळा तर नकोच, तिथे हवा हलत नाही. भाता मिटून कडी लावा. खोक्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, रंग बदलणाऱ्या. तीन महिन्यांत त्या भरणार, म्हणजे मधे कुणीतरी बदलायला हव्यात.

जुना_बेलापूर
आमच्या वडिलांच्या कपाटात पावसाळाभर पंधरा वॅटचा दिवा लावलेला असायचा. तबला, पेटी, पुस्तकं, सगळं कोरडं राहायचं. तसं करा.

ताई वाशी
बंद घरात तीन महिने लाकडी कपाटात दिवा? तुमच्या वडिलांच्या घरात माणसं होती. तारा तापून काही झालं तर दार फोडेपर्यंत उशीर होईल. मी तर मेन स्विचच बंद करा म्हणेन, आणि इन्व्हर्टर वेगळा बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टर बॅटरीवरून घराला वीज देत राहतो.

फ्रिज चालू गट
मेन बंद केला तर फ्रिजचं काय? मी डाळी-तांदूळ फ्रिजमध्ये ठेवून फ्रिज चालू ठेवूनच जातो, कीड लागत नाही.

ताई वाशी
आणि मधे लाइट गेली, एमसीबी पडला तर? धान्य वाटून टाका. फ्रिज धुऊन, पुसून, दार बोटभर उघडं ठेवून बंद करा. दारात टॉवेलची गुंडाळी अडकवली की ते लागत नाही.

संवादिनी
सीवूड्सकर काका, पेटीचा खरा उपाय वेगळाच आहे. ती वाजती ठेवा. ओळखीत कुणी शिकणारं आहे का? रोज भाता हलला, हवा फिरली की पेटीला पावसाळा बाधत नाही.

कारवाला कोपरखैरणे
गाडी आहे का? असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. हँडब्रेक लावू नका, दमटपणाने ब्रेकचे लायनर चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा. पीयूसी आणि विम्याची तारीखही बघून ठेवा.

सीवूड्सकर
गाडी नाही. पण धन्यवाद.

नाव_नको
घराची किल्ली कुणाकडे आहे? हे सगळे उपाय वाचले आणि प्रत्येकात शेवटी "कुणीतरी बघायला हवं" असंच येतंय. गच्चीची जाळी, सिलिका जेल, ऑर्किड. तुम्ही सुरुवातीलाच "घर पूर्ण बंद" म्हणालात, तेच बदला. पंधरा दिवसांतून एकदा कुणी तासभर येऊन खिडक्या उघडल्या, पंखे लावले, नळ सोडले तर निम्मे प्रश्न उरत नाहीत. नळ सोडायचे कारण बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपचं (जमिनीतल्या जाळीखाली साठून राहणारं) पाणी सुकलं की गटाराचा वास आणि झुरळं थेट वर येतात. जाताना त्यात दोन चमचे खायचं तेल ओता, पाण्यावर थर बसतो आणि ते हळू उडतं. गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह आणि वॉशिंग मशीनचा नळ बंद. पेपर आणि दूध बंद करायचं तोंडी सांगू नका, लिहून द्या. दारात पेपरांचा ढीग म्हणजे घर रिकामं असल्याची पाटीच.

सीवूड्सकर
किल्लीवरूनच घरात अडलं होतं. बायकोला शेजारी किल्ली द्यायला संकोच वाटतो, त्यांना त्रास नको म्हणून. काल खारघरच्या मेहुणीला विचारलं, ती म्हणाली, "मला आधीच का नाही सांगितलंस?" दर दुसऱ्या रविवारी येईल. तिला एका कागदावर सगळं लिहून देतोय: आधी गच्चीची जाळी, मग खिडक्या, मग नळ, जाताना मेन बंद. ऑर्किड तीच घेऊन जाणार आहे.

पेटीसाठी सोसायटीतली एक मुलगी आहे, दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेची तयारी करतेय आणि तिच्याकडे क्लासची भाड्याची पेटी आहे. काल तिला आपली पेटी वाजवून बघायला दिली. काळी चारला हात ठेवून तिने जो सूर लावला, तो ऐकून मी निश्चिंत झालो. तिच्याकडेच ठेवतोय.

प्रवासी ठाणे
उत्तम. सामानात तूप, खवा, पनीर नेऊ नका. युरोपीय संघात दुधामांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. हापूसही नाही, ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. कढीपत्ताही वाळवून न्या, ताजा नको.

ताई वाशी
१५ जूनपर्यंत अधिक महिना आहे, जावयाला अनारसे नेणार ना? नेता येतात का हो?

प्रवासी ठाणे
बिस्किटं, केक, मिठाई या प्रकारांना सूट आहे. त्यामुळे अनारसे न्या, घट्ट डब्यात, वर पदार्थाचं नाव इंग्रजीत लिहून.

ठिबकवाला ऐरोली
तुळशीचं कुणी बोललं नाही. छपराखाली असेल तर तिच्यापुरता टायमर घ्याच.

गच्चीवाली नेरूळ
तुळस पावसात सडते, छपराखालीच हवी. इथे ठिबकवाल्यांचं बरोबर आहे. पण दिवसाआड दोन मिनिटं, त्याहून जास्त नको.

सीवूड्सकर
तुळशीसाठी एक टायमर घेतो. सानपाड्याच्या मित्रा, मासे येत्या शनिवारी संध्याकाळी आणून देऊ का?

रीफ-नको-गोडंपाणी
चालेल. झाकणाच्या बादलीत टाकीतलंच पाणी घ्या, ताजं नको. आदल्या दिवशी खाणं देऊ नका. आणि तुमच्या फिल्टरमधला स्पंज न धुता तसाच ओला घेऊन या.