मदत हवी आहे: वालचंदला इलेक्ट्रिकल की पीआयसीटीला ईअँडटीसी?

नमस्कार मंडळी,

मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाबद्दल सल्ला हवा आहे. कॅपच्या (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीचा पसंतीक्रम भरायची मुदत तोंडावर आली आहे आणि घरात अजून एकमत होत नाही.

आम्ही तासगाव तालुक्यातले. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलीला सीईटीत 97 च्या वर पर्सेंटाइल आहे, प्रवर्ग ओबीसी. मागचे कटऑफ पाहता दोन जागा हाताशी वाटतात. एक, सांगलीचं वालचंद कॉलेज, इलेक्ट्रिकल. दुसरी, पुण्यात धनकवडीचं पीआयसीटी कॉलेज, ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). दोन्ही कॉलेजांच्या नावाबद्दल शंका नाही. प्रश्न एवढाच की एक नंबरला कोणतं टाकायचं.

एक नंबर म्हणतोय त्याला कारण आहे. 2025 पासून नियम असा झालाय की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना हेच लागू, तिसरीत पहिल्या सहांना. म्हणजे 'आधी मिळू दे, मग बघू' हे आता चालत नाही. जे ठरवायचं ते फॉर्म भरतानाच.

फीचा मुद्दा बराचसा निकालात निघालाय. 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आम्ही त्यात बसतो. राहता राहिला राहण्या-जेवणाचा खर्च. सांगलीला घरून एसटीने जाता-येता येईल, पुण्यात हॉस्टेल आणि मेस. थोडी ओढाताण होईल पण झेपेल. म्हणून पैशासाठी वालचंद घ्या असा सल्ला कृपया देऊ नका. तिचं भलं कशात आहे तेवढंच सांगा.

आता मुलीचं. उन्हाळ्यात आमच्याकडे द्राक्षबागांच्या मोटरी जळून येतात. व्होल्टेज कमी असतं, कधी एक फेज गेलेला असतो आणि मोटर तशीच चालू राहते. ही नववीपासून दुकानात बसते. स्टेटर (मोटरचा न फिरणारा, कॉइलचा भाग) उघडला की आधी स्लॉट मोजते, जुन्या कॉइलची जोडणी वहीत काढून घेते, मगच तार सोडते. तार भरणं माझं काम, पण वही तिची. एक फेज गेल्यावर उरलेल्या दोन फेजमधून करंट का वाढतो, हे मला नीट सांगता आलं नव्हतं. तिने पुस्तकातून शोधून मला आकृती काढून समजावलं. तिचं म्हणणं असं की जळलेली मोटर भरण्यापेक्षा ती जळूच नये असं काहीतरी आपण बनवलं पाहिजे. तिला स्वतःला विचारलं तर ती इलेक्ट्रिकल म्हणते, पण पुढच्याच वाक्यात "पण पप्पा, प्लेसमेंट?" असंही विचारते.

हा प्रश्न तिच्या मामाने डोक्यात घातला. तो हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, भाचीवर जीव टाकतो, त्यामुळे त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तो म्हणतो की इलेक्ट्रिकलची पोरंही शेवटी आयटीतच जातात, मग चार वर्षं पुण्यात काढलेली काय वाईट? तिथे इंटर्नशिप मिळते, सीनियर लोक भेटतात, कोडिंगचं वातावरण आहे. आणि कोअर (म्हणजे इलेक्ट्रिकलचंच काम असलेल्या) कंपन्या मुलींना साइटवर घ्यायला कचरतात, असंही त्याचं मत आहे.

माझा कल वालचंदकडे आहे. इलेक्ट्रिकल घेऊन सॉफ्टवेअरकडे वळता येतं, हे मामाच सांगतो. उलट महापारेषण या सरकारी वीज कंपनीची सहाय्यक अभियंता (पारेषण) भरती किंवा गेट परीक्षेतून पॉवरग्रिड या केंद्राच्या वीज कंपनीतली इलेक्ट्रिकलची जागा, याला पदवीच इलेक्ट्रिकलची लागते. ईअँडटीसी करून तो रस्ता राहत नाही. पण या मतात माझ्या धंद्याची माया किती आणि पोरीचं हित किती, हे मला वेगळं करता येत नाही. म्हणून बाहेरच्या माणसांना विचारतोय.

वालचंदच्या इलेक्ट्रिकलमधून गेल्या चार-पाच वर्षांत बाहेर पडलेलं कुणी, विशेषतः मुली, इथे असतील तर त्यांचं ऐकायला फार आवडेल. कॅम्पसला येणाऱ्या कोअर कंपन्या मुलींना डिझाइन, टेस्टिंग, प्रोटेक्शन (बिघाडापासून वीजयंत्रणेचं संरक्षण) अशा कामांवर घेतात का? सॉफ्टवेअर कंपन्या आल्या तर इलेक्ट्रिकलला बसू देतात, की फक्त कॉम्प्युटर-आयटीला? दुसऱ्या वर्षी शाखा बदलून मिळणं खरंच घडतं, की नियमापुरतंच आहे? लॅबमध्ये स्वतःच्या हाताने किती करायला मिळतं, हेही सांगा, कारण तिला हाताने केल्याशिवाय समाधान होत नाही.

पीआयसीटीच्या ईअँडटीसीवाल्यांना एकच विचारायचं आहे. तिथे हार्डवेअरमध्ये रमणाऱ्या मुलांना सोबत मिळते का, की पहिल्या वर्षापासूनच सगळे कोडिंगच्या मागे लागतात?

रोज एसटीने ये-जा करून चार वर्षं काढलेल्यांनीही लिहावं. घरी राहून अभ्यास चांगला होतो असं आम्हाला वाटतं, पण कॉलेज सुटल्यावर प्रोजेक्टला, क्लबला थांबायचं असेल तर शेवटच्या गाडीचं बंधन राहणार. तसं असेल तर सांगलीतही हॉस्टेलच बघू.

ता.क. जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, सगळी कागदपत्रं तयार आहेत, त्याची काळजी नाही. मुलगी स्वतः प्रतिसाद वाचणार आहे, तेव्हा तिला उद्देशून लिहिलंत तरी चालेल.